वाहत्या विजेचा चुंबक, दाबाचा चुंबक

अवसरी बुद्रुकच्या शिवारात सगळ्यात जास्त चुंबक कुठं आहेत, असं कुणी विचारलं तर मी विहिरींवरच्या स्टार्टरच्या पेट्यांकडे बोट दाखवेन. हिरवं बटण दाबलं की पेटीत 'खट्' असा आवाज होतो. तो आवाज चुंबकाचा. कॉइलमधून वीज वाहते, कॉइलच्या पोटातलं लोखंड चुंबक होतं, समोरची पट्टी खेचून घेतं आणि तिन्ही फेज मोटारीला जोडले जातात. वीज गेली की लोखंडाचं चुंबकपण जातं, स्प्रिंग पट्टीला मागं ढकलते आणि मोटार सुटते. मोटारीच्या पोटातही हाच खेळ, फक्त मोठा आणि फिरता.

या खेळात एक खोट आहे. चुंबक टिकवायचा तर वीज सतत वाहती ठेवावी लागते आणि वाहती वीज तार तापवते. एखादा फेज उडाला, उरलेल्या दोन फेजांवर भार आला, स्टार्टरनं वेळेवर सोडलं नाही, की वायंडिंग जळतं. मग मोटार ट्रॉलीत घालून मंचरला न्यायची. जळकी तार उपसून काढायची, खाचा साफ करायच्या, नवा कागद घालायचा, इनॅमलची तार मोजून वेढे भरायचे, वार्निश पाजायचं, भट्टीत वाळवायचं. आमच्या घरात दोन पिढ्या हेच काम झालं. अशा दुकानांत आपल्या समाजाची माणसं बरीच दिसतात, हे आंबेगाव-जुन्नरच्या बाजारपेठांतून फिरणाऱ्याला सांगायला नको.

माझा भाचा अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. २००९ साली ते सुरू झालं तेव्हा या भागातल्या मुलांना पुण्याला न जाता इंजिनियर होता येईल याचंच सगळ्यांना अप्रूप होतं. मागच्या वर्षी त्यानं मला विचारलं, "मामू, कॉइल न वापरता, करंट न वाहू देता, नुसत्या व्होल्टेजनं चुंबक फिरवता येतो म्हणे. खरंय का?" खरं आहे. फार थोड्या पदार्थांत, फार नाजूकपणे, पण खरं आहे. ही गोष्ट माणसाला कळायला किती वेळ लागला आणि वाटेत कोण कोण भेटलं, हा या लेखाचा विषय आहे. आपल्या मुंबई-अलिबागचाही त्यात एक तुकडा आहे. तो मराठीत फारसा सांगितला जात नाही, म्हणून त्यावर जरा जास्त रेंगाळणार आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करतो. दर काही महिन्यांनी मोबाइलवर एक मजकूर फिरत येतो की होकायंत्राचा शोध मुसलमानांनी लावला. तसं नाही. चुंबकीय सुईचं वर्णन चीनमध्ये शेन को यानं १०८८ च्या सुमारास केलेलं आहे. इस्लामी जगात तिचे लिखित उल्लेख तेराव्या शतकात मिळतात. आपल्या वाट्याला जे आलं ते मात्र कमी मोलाचं नाही. बैलक अल-किबजाकी नावाच्या लेखकानं १२८२ मध्ये रत्नांवर आणि दगडांवर एक ग्रंथ लिहिला. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रातल्या प्रवासात खलाशांनी पाण्यावर तरंगती सुई ठेवून दिशा कशी पाहिली, हे त्यानं त्यात नोंदवलं. हिंदी महासागरातले नाखुदा सुईऐवजी लोखंडी पत्र्याचा पोकळ मासा वापरतात, असंही त्यानं लिहून ठेवलं. आपल्याच किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राची ही नोंद आहे. त्याच शतकाच्या शेवटी येमेनच्या रसूली घराण्यातल्या अल-अशरफ उमर यानं होकायंत्र कसं बनवायचं आणि त्यानं किब्ला कसा ठरवायचा यावर लिहिलं. पुढं हा माणूस सुलतान झाला, पण इतिहासात त्याची आठवण राहिली ती या लिखाणामुळं.

किब्लानुमा आपल्याकडे अनेक घरांत असतो. पुण्याच्या बाजूला किब्ला नेमका पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून साधारण अकरा अंश उत्तरेकडे आहे. आपल्या भागात सुई दाखवते ती उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक सध्या एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळं स्वस्तातला किब्लानुमाही इथं बरा चालतो. जगात सगळीकडे हे भाग्य नाही. मराठीतल्या 'होका' या शब्दाची नाळही अरबी 'हुक्का'शी, म्हणजे डबीशी जुळते. अरब दर्यावर्दी सुईच्या डबीला तेच म्हणत. शोध चिन्यांचा, डबीचं नाव अरबांचं, वापर सगळ्यांचा. एवढं खरं सांगितलं तरी मान खाली जात नाही.

या सुईवर विजेचा अंमल चालतो हे कळायला १८२० साल उजाडावं लागलं. कोपनहेगनमध्ये हान्स ख्रिश्चन ओर्स्टेडनं तारेतून वीज सोडली आणि जवळची सुई हलली. पाच वर्षांत इंग्लंडात स्टर्जननं लोखंडाभोवती तार गुंडाळून विद्युतचुंबक बनवला. १८३१ मध्ये फॅरेडेनं उलटी बाजू दाखवली, की बदलत्या चुंबकानं तारेत वीज निर्माण होते. स्टार्टर, मोटार, डीपी, जनित्र, सगळं या अकरा वर्षांच्या कमाईवर उभं आहे. पण या सगळ्यात वीज *वाहते*. नुसता दाब, न वाहणारी वीज सुईला काहीच करत नव्हती. हा भेद लक्षात ठेवायला हवा. टाकी भरलेली आहे आणि नळ बंद आहे, तेव्हा पाइपात दाब आहे पण प्रवाह नाही. व्होल्टेज म्हणजे तो दाब, करंट म्हणजे प्रवाह. ओर्स्टेडची सुई प्रवाहाला मान देत होती, दाबाला नाही.

आता मुंबईकडे येऊ.

ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली. मूळ काम बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ देण्याचं आणि ताऱ्यांच्या वेधांचं. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे ते काम होतं. मराठी वाचकाला इथं दोन ओळखीचे चेहरे दिसतात. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले केरूनाना छत्रे, पुढं गणिती म्हणून महाराष्ट्रभर गाजले, त्यांनी तरुणपणी इथंच ऑर्लेबारांच्या हाताखाली नोकरी केली. मराठी पत्रकारितेचा आणि मराठी गणिताचा आरंभ ज्या माणसांनी केला त्यांनी चुंबकाच्या सुया वाचल्या होत्या, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही.

त्याच काळात वेधशाळेपासून थोड्याच अंतरावर, बंदरात, कोकणी मुसलमान नाखुदा आणि खलाशी रोज होका वाचून गलबतं हाकत होते. सुईच्या भरवशावर ज्यांचा जीव, ते एका बाजूला आणि सुई अशी का वागते हे शोधणारे दुसऱ्या बाजूला. दोघांमध्ये चालत जाण्याइतकंच अंतर होतं. ते फारसं कुणी ओलांडलं असेल असं मला वाटत नाही. यात दोष कुणाचा हा वेगळा विषय आहे, पण हे अंतर पुढंही आपल्याला भेटत राहतं.

१८४६ पासून कुलाब्याच्या नोंदी अखंड झाल्या. रोज, ठरलेल्या वेळी, सुई किती हलली ते लिहायचं. काम कंटाळवाणं. पण अशा कामाची किंमत लगेच कळत नाही. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावर प्रचंड स्फोट झाला. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली, ध्रुवीय प्रकाश भलत्याच प्रदेशांतून दिसला. त्या वादळात कुलाब्याच्या सुईनं सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण दाखवली. ती नोंद कागदांत पडून होती. २००३ मध्ये संशोधकांनी ती काढून अभ्यासली, तेव्हा जगाला त्या वादळाच्या ताकदीचा आकडा मिळाला. त्या वेळी विषुववृत्ताजवळच्या भागातून अशी नोंद ठेवणाऱ्या जागा अगदीच मोजक्या होत्या. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या अशा वादळात टिकतील का, याचा हिशेब मांडताना मुंबईच्या त्या कारकुनी वहीचा आधार घेतला जातो.

मग आली ट्राम. १९०० च्या सुमारास मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेची ट्राम वरच्या तारेतून करंट घेते आणि रुळांतून परत पाठवते. पण रूळ जमिनीत असतात, म्हणून थोडा करंट मातीत पाझरतो. तो इकडे तिकडे वाहतो आणि जिथं वाहतो तिथं ओर्स्टेडच्या नियमानं स्वतःचं चुंबकत्व निर्माण करतो. सूर्याची हालचाल टिपणारी सुई आता ट्रामची हालचाल टिपणार होती. एका ट्रामचा एक धक्का कमीच, पण दिवसभर शहरभर ट्राम धावणार म्हटल्यावर नोंदी मातीमोल.

वेधशाळेचे प्रमुख तेव्हा नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस होते. १८९६ मध्ये या पदावर आलेले ते पहिले भारतीय. शहराला ट्राम हवी होती आणि ती मागणी गैर नव्हती. मूस यांच्यापुढं पेच होता तो अर्धशतकाहून जुन्या मालिकेचा. वेधशाळा उचलून दुसरीकडे नेणं सोपं, पण नव्या जागेचं चुंबकत्व वेगळं, यंत्रांचा स्वभाव वेगळा. जुनी वही संपून नवी सुरू झाली तर दोन्हींचा मेळ बसणार नाही. मूस यांनी जागा निवडली अलिबाग, मुंबईपासून समुद्रापलीकडे सुमारे तीस किलोमीटर. इमारत अशा दगडाची की ज्यात लोहाचा अंश सुईला छळणार नाही. बिजागऱ्या, खिळे, स्क्रू लोखंडाचे नाहीत, पितळ-तांब्याचे. १९०४ मध्ये अलिबागची मोजणी सुरू झाली आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन वर्षं दोन वह्या शेजारी शेजारी चालल्या, म्हणून पुढं एकीवरून दुसरीवर पाऊल टाकता आलं. मग कुलाब्याची चुंबकीय मोजणी बंद झाली आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. १८४६ ते १९०५ चा सगळा साठा मूस यांनी दोन जाडजूड खंडांत संगतवार लावून दिला. अलिबाग आजही चालू आहे, १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या छत्राखाली.

मला या प्रसंगात मूस यांच्या हुशारीपेक्षा त्यांची सबुरी जास्त आवडते. दोन वर्षं तेच आकडे दोनदा लिहिण्याचा निर्णय कुणाला कौतुकाचा वाटला असेल? आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. तिथंही आसपासच्या विजेच्या गोंगाटाशी हाच झगडा चालतो. मुंबईत ट्राम होती, इथं मोबाइलचे टॉवर आणि ठिणग्या टाकणाऱ्या तारा.

म्हणजे १९०७ पर्यंत महाराष्ट्राला एक गोष्ट चांगली पाठ झाली होती. वीज वाहिली की चुंबकत्व हलतं, मग तुम्हाला हवं असो वा नसो. पण न वाहता?

हा प्रश्न नीट विचारणारा पहिला माणूस बहुधा पिएर क्यूरी. मेरी क्यूरींचे पती म्हणून आपण त्यांना ओळखतो. १८९४ मध्ये, रेडियमच्या बऱ्याच आधी, त्यांनी स्फटिकांच्या रचनेवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी म्हटलं की काही स्फटिक असे असू शकतील की ज्यांवर नुसतं विद्युतक्षेत्र लावलं तर चुंबकत्व येईल आणि चुंबकीय क्षेत्र लावलं तर विद्युतभार सरकेल. त्यांच्याकडे असा एकही स्फटिक नव्हता. फक्त समरूपतेचा विचार होता.

तो विचार आपल्या भाषेत मांडून बघतो. मोटारीचा व्हिडिओ उलटा चालवला तर करंट उलटा वाहताना दिसेल, म्हणून चुंबकाचे उत्तर-दक्षिण उलटतील. पण एका प्लेटवर धन आणि दुसरीवर ऋण भार नुसता बसून असेल, तर व्हिडिओ सुलटा चालवा की उलटा, तो तसाच बसलेला दिसणार. म्हणजे काळ उलटला की चुंबक उलटतो, विद्युतक्षेत्र उलटत नाही. आता दुसरी कसोटी. एका मध्यबिंदूभोवती प्रत्येक वस्तू बरोबर समोरच्या बाजूला नेऊन ठेवा. धन भार ऋणाच्या जागी, ऋण धनाच्या. विद्युतक्षेत्र उलटलं. पण गोल फिरणारा करंट त्याच दिशेनं फिरताना दिसतो, चुंबक तसाच राहतो. दोघांचे स्वभाव असे विरुद्ध. साध्या पदार्थात यांची गाठ पडूच शकत नाही. गाठ पडायची तर पदार्थानं स्वतःच या दोन्ही कसोट्या एकदम मोडलेल्या असाव्या लागतात.

क्यूरींच्या हातात यातली पहिली, काळाची कसोटी नव्हती. म्हणून पुढची तीसेक वर्षं लोक भलत्याच पदार्थांत शोधत राहिले. १९२० च्या दशकात परिणाम सापडल्याचा दावाही झाला, पण तो टिकला नाही. १९२६ मध्ये डेबाय यांनी या न सापडलेल्या गोष्टीला 'मॅग्नेटोइलेक्ट्रिक' असं नाव तेवढं देऊन टाकलं.

अडचण अशी होती की हवा असलेला पदार्थ वरून चुंबक दिसतच नाही. लुई नील यांनी १९३० च्या दशकात सांगितलं की काही पदार्थांत प्रत्येक अणू इवलासा चुंबक असतो, पण शेजारी शेजारी उलटसुलट बसतो, एक वर, एक खाली. बाहेरून बेरीज शून्य. टाचणीही चिकटणार नाही. १९४९ मध्ये न्यूट्रॉनचा मारा करून अशी रचना प्रत्यक्ष दिसली. मग मॉस्कोत लांडाऊ आणि लिफ्शित्झ यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात लिहिलं की सिद्धांतानुसार असा परिणाम शक्य आहे, पण तो कशात आढळलेला नाही. दोनच वर्षांत, १९५९ मध्ये, लांडाऊंच्या परंपरेतल्या इगोर झ्यालोशिन्स्की या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणानं पदार्थाचं नाव सांगून टाकलं: क्रोमियम ऑक्साइड. तोच, जो हिरव्या रंगात असतो आणि धातूला चकाकी आणायच्या हिरव्या पॉलिशमध्ये वापरतात. त्याच्या चुंबकांची वर-खाली, वर-खाली ही मांडणी नेमकी दोन्ही कसोट्या मोडते. १९६० मध्ये सोव्हिएत प्रयोगकर्ता अॅस्त्रोव्ह यानं त्या स्फटिकावर व्होल्टेज लावलं आणि चुंबकत्व मोजलं. ते होतं. अगदी क्षीण, पण होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या नौदल प्रयोगशाळेत राडो आणि फोलेन यांनी ते पक्कं केलं.

क्यूरींच्या निबंधापासून छासष्ट वर्षं. शीतयुद्धाच्या ऐन काळात एका बाजूनं मांडलेलं भाकीत दुसऱ्या बाजूनंही खरं करून दाखवलं.

एक गंमत सांगतो. क्रोमियम ऑक्साइडची ही मांडणी ३०७ केल्व्हिनला, म्हणजे ३४ अंश सेल्सियसला मोडते. उष्णतेनं अणूंची शिस्त बिघडते आणि परिणाम नाहीसा होतो. मॉस्कोच्या प्रयोगशाळेत ही अडचण वाटली नसेल. आमच्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी अकरानंतर तो स्फटिक काम सोडून सावलीला जाऊन बसला असता.

पुढची तीस-चाळीस वर्षं विषय थंडच राहिला. परिणाम क्षीण, पदार्थ मोजके, उपयोग दिसेना. एक वेगळी वाट मात्र १९७२ च्या सुमारास हॉलंडच्या फिलिप्स कंपनीत निघाली. एकाच पदार्थात दोन्ही गुण शोधण्यापेक्षा दोन पदार्थ एकत्र भाजले तर? स्वयंपाकघरातला गॅस लायटर आठवा. आतला खडा दाबला की ठिणगी पडते, दाबाची वीज होते. तोच खडा उलटा वापरला, त्याला व्होल्टेज दिलं, की तो किंचित ताणतो. आता त्याला अशा फेराइटशी घट्ट चिकटवा, ज्याचं चुंबकत्व दाबल्या-ताणल्यानं बदलतं. व्होल्टेज दिलं, एकानं दुसऱ्याला पिळलं, चुंबकत्व बदललं. मधला दलाल म्हणजे ताण. या वाटेवर आपल्याकडेही काम झालं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागानं फेराइटवर कित्येक दशकं संशोधन केलं आहे आणि फेराइट व बेरियम टायटेनेट यांची मिश्रणं भाजून त्यांचा हा गुण मोजणारे शोधनिबंध तिथून निघाले आहेत. भट्टी, पावडर, दाबून केलेल्या गोळ्या, चांदीचा लेप, कॉइल. आमच्या दुकानातल्या माणसाला ती प्रयोगशाळा परकी वाटली नसती.

इथं मी जरा थांबतो, कारण भाच्याच्या प्रश्नामागं दुसरा एक प्रश्न होता. त्याला पुढं भौतिकशास्त्राकडे वळायचं आहे आणि घरात कुजबुज आहे की त्यापेक्षा नोकरी धर किंवा दुकान सांभाळ. सच्चर समितीनं २००६ च्या अहवालात लिहिलं होतं की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर पंचवीस विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तरच्या दर पन्नास विद्यार्थ्यांत एक मुसलमान आहे. पंचविसावरून पन्नास. पदवीनंतर निम्मे गळाले. ही गळती हुशारीची नाही, घरखर्चाची आहे, आणि थोडी 'आपल्याला काय करायचंय ते' या सवयीचीही. नाखुदा आणि वेधशाळा यांच्यातलं ते अंतर. मोटार भरणाऱ्या कारागिराला हातानं कळतं की किती वेढ्यांवर किती जोर येतो, कुठली तार किती तापेल. ते ज्ञानच आहे, फक्त ते आमच्याकडे वहीत उतरत नाही. बैलकनं खलाशांचं काम कागदावर उतरवलं, म्हणून सातशे वर्षांनी मी त्याचं नाव घेतोय.

तर, विषय पुन्हा तापला तो २००० साली. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. जपानमध्ये हिदेओ ओनो आणि सहकाऱ्यांनी एका चुंबकीय अर्धवाहकावर व्होल्टेज लावून त्याचं चुंबकत्व चालू-बंद करून दाखवलं, पण अतिशय थंड तापमानाला. आणि निकोला हिल यांनी, ज्यांना आज निकोला स्पाल्डिन म्हणून ओळखतात, एक निबंध लिहिला. चुंबकीय आणि विद्युतध्रुवीय असे दोन्ही गुण असलेले पदार्थ इतके थोडे का, हाच त्याचा प्रश्न. उत्तर रसायनाचं होतं. चुंबकत्वासाठी धातूच्या अणूची एक विशिष्ट इलेक्ट्रॉन-कक्षा अर्धवट भरलेली लागते. विद्युतध्रुव निर्माण व्हायला बहुतेक वेळा तीच कक्षा रिकामी लागते. एकाच भांड्यात दूध आणि ताक दोन्ही ठेवायला सांगितल्यासारखं. कारण कळलं की पळवाटही दिसते. दोन कामं दोन अणूंना वाटून द्या. बिस्मथ फेराइटमध्ये तसंच होतं. चुंबकत्व लोहाकडे, विद्युतध्रुव बिस्मथकडे.

२००३ मध्ये रामामूर्ती रमेश यांच्या गटानं अमेरिकेत बिस्मथ फेराइटचे पातळ थर वाढवले, स्पाल्डिन त्यात सहभागी होत्या. रमेश हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकून तिकडे गेलेले. बिस्मथ फेराइटची चुंबकीय शिस्त साधारण ३७० अंश सेल्सियसपर्यंत टिकते, म्हणजे चैत्राची धास्ती नाही. २०१४ मध्ये त्याच परंपरेतल्या गटानं साध्या खोलीच्या तापमानाला, नुसत्या विद्युतक्षेत्रानं, शेजारच्या धातूच्या थराचा चुंबक पूर्ण उलटा फिरवून दाखवला. त्या वेळी कॉइलचा पत्ता नव्हता.

याचा उपयोग काय, तर स्मरण. संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये माहिती म्हणजे बारीक बारीक चुंबक, उत्तर वर की खाली. ते फिरवायला इवलीशी कॉइल आणि तिच्यातून वाहता करंट लागतो. प्रत्येक फेरीला थोडी उष्णता. आमच्या जळक्या मोटारीचंच दुखणं, केसाहून बारीक आकारात आणि सेकंदाला अब्जावधी वेळा. नुसत्या दाबानं चुंबक फिरला तर पातळ थर एकदा भारला की झालं, सतत वाहणं नाही. इंटेलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये या तत्त्वावरच्या चिपचा आराखडा प्रसिद्ध केला. बाजारात अजून काही आलेलं नाही. बिस्मथ फेराइट पुन्हा पुन्हा फिरवल्यावर थकतो, थर इतका पातळ केला की वीज गळायला लागते, आणि दाब अजून कमी हवा आहे. भाच्याला मी हेच सांगितलं, की हे काम झालेलं नाही, चालू आहे.

जुना हिरवा क्रोमियम ऑक्साइडही अडगळीत गेलेला नाही. अमेरिकेत नेब्रास्काच्या विद्यापीठात त्यात थोडं बोरॉन मिसळून पाहिलं, तर त्याची चुंबकीय मांडणी सुमारे ४०० केल्व्हिनपर्यंत टिकते असं आढळलं. २०२१ मध्ये त्याच पदार्थाच्या थरात, बाहेरचं कुठलंही चुंबकीय क्षेत्र न लावता, नुसत्या व्होल्टेजनं आतल्या चुंबकांची दिशा फिरवली गेली. ४०० केल्व्हिन म्हणजे साधारण १२७ अंश सेल्सियस. आमच्या दुकानातल्या वार्निशच्या भट्टीचं तापमान त्याच्याच आसपास असतं.